गणपूर्तीपुरती सुरमई

"अध्यक्ष महोदय, तुमच्यापैकी ज्यांनी हे विधेयक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय, त्यांनी कृपया हात वर करावा."

हा प्रश्न माझा नाही. मला एवढं सभ्य सुचतच नाही. प्रश्न प्रितीचा, त्यातलं 'कृपया'सुद्धा तिचंच. आदल्या संध्याकाळी अभ्यासिकेत सगळ्यांसमोर ती म्हणाली होती, "मनवा, वक्तृत्वात दुसरी आल्यापासून लय शायनिंग मारतेस ना? मग उद्या त्या आमदारांना हे विचारून दाखव. विचारलंस तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत फॅनखालची खुर्ची तुझी."

फॅनखालची खुर्ची! ज्याने आमची अभ्यासिका पाहिली नाही त्याला यातला मोह कळायचा नाही. अठरा खुर्च्या, पंखा एक. तो पंखाही सगळ्या खोलीला वारा देत नाही, बरोब्बर एका खुर्चीला देतो. ती खुर्ची प्रितीने नववीपासून अडवून ठेवलीये.

अभ्यासिका म्हणजे परळमधल्या आमच्या चाळीची तळमजल्यावरची खोली. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे खानावळ होती. मग बरीच वर्षं जयंतीचे झेंडे आणि गणपतीचे पाट एकमेकांना टेकून तिथेच पडलेले असायचे. वीस वर्षांपूर्वी पप्पा आणि त्यांच्या मित्रांनी ती खोली धुतली, रंगवली, बाबासाहेबांचा फोटो लावला आणि टेबलं मांडली. मी दहावीला आहे. घरी अभ्यास होत नाही, कारण आमचं घर म्हणजे एकच खोली, त्यात आई नाइट ड्यूटी करून दिवसा झोपते आणि जागी असते तेव्हा पप्पा फोनवर चाळीचा कारभार हाकतात. ते रहिवासी संघाचे सेक्रेटरी आहेत. ती खोली गेली तर माझी दहावी जिन्यात.

आणि ती जाणारच होती. सरकारने जुन्या इमारतींतल्या सामाईक जागांबद्दल एक विधेयक आणलं होतं. नावात 'सुसूत्रीकरण' होतं, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. त्याच्या कलम नऊमध्ये लिहिलं होतं, की ज्या सामाईक खोलीत रात्रीचा मुक्काम कोणी करत नाही, ती रिकामी समजून लोकोपयोगी कामासाठी ताब्यात घेतली जाईल. बाजूच्या चाळीत नमुना म्हणून आधीच पाहणी झाली होती. लोकोपयोगी काम निघालं पार्किंग.

विधेयक पंधरा आमदारांच्या समितीकडे गेलं. समितीने लोकांच्या हरकती मागवल्या. जाहिरात पेपरात टेंडरांच्या मधोमध, भिंगातून वाचावी अशा अक्षरात. हरकत सात प्रतींत द्यायची. पप्पांनी आठ दिल्या, एखादी हरवली तर असावी म्हणून. त्यावर कार्यालयातून पत्र आलं, की आपण आठ प्रती दिल्याने सात प्रतींची अट पूर्ण होत नाही. मग पप्पा एक प्रत परत घ्यायला गेले.

शेवटी आमच्याच भागातल्या कामगार केंद्राच्या हॉलमध्ये सुनावणी ठरली आणि पप्पांच्या अंगात आलं.

"समिती आपल्या दारात येतेय. पाहुणा उपाशी गेला तर चाळीचं नाव जाईल."

"अहो, ते जेवायला येत नाहीयेत," आई म्हणाली.

"सुचित्रा, तुला कमिट्या माहीत नाहीत. कमिटी कुठलीही असो, पहिला प्रश्न एकच असतो. नाश्त्याला काय?"

वरच्या मजल्यावरचे माधवकाका मालवणचे. अध्यक्षांना मासे आवडतात अशी बातमी त्यांनीच कुठूनतरी आणली. मग वडे-पोहे मागे पडले आणि हॉलच्या शेजारच्या खोलीत तवा मांडला गेला. सुरमई, तांदळाची भाकरी, सोलकढी.

"गो मनवा," काका तव्यावर तुकडी टाकत म्हणाले, "ह्या सुरमयेक नको म्हणणारो माणूस अजून जन्माक येवक नाय."

तिथेच आमची चूक झाली. आम्ही नुसता वास सोडायला नको होता.

अकरा वाजता पंधरापैकी सात आमदार आले. मंचावर खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, मधोमध अध्यक्ष. कोपऱ्यातल्या टेबलावर एक बाई वहीत भराभर आडव्यातिडव्या रेघा ओढत होत्या. आधी मला वाटलं, कंटाळा आला म्हणून चित्रं काढतायत. त्यांच्यापुढच्या पाटीवर लिहिलं होतं, 'प्रतिवेदक'. म्हणजे जो जे बोलेल ते शब्दशः टिपून घेणारी बाई. नाव वैशालीताई, हे नंतर कळलं.

प्रत्येकाला टोकन आणि तीन मिनिटं. तीन मिनिटं झाली की शिपाई घंटी वाजवणार आणि अध्यक्ष म्हणणार, "आपल्या भावना समितीपर्यंत पोहोचल्या." रे रोडहून आलेल्या एका आजोबांनी तर विधेयकाचा विषयच काढला नाही. लाकडाच्या वखारीचे ट्रक आमच्या दारात लागतात, एवढंच ते तीन मिनिटं सांगत राहिले. त्यांच्याही भावना पोहोचल्या. मला वाटतं, तिथे माणूस नुसता शिंकला असता तरी पोहोचल्या असत्या.

आमचं टोकन तेवीस. बाराव्या टोकनाला तळणीचा वास हॉलमध्ये आला. तेराव्याला एका आमदारांना अर्जंट फोन आला आणि ते शेजारच्या खोलीकडे गेले. सोळाव्याला दुसऱ्यांना आला. फोन टेबलावरच राहिला होता. एकोणिसाव्याला तिसरे काहीच न सांगता उठले, ते त्यातल्या त्यात प्रामाणिक.

"टोकन तेवीस! वैभव सेक्रेटरी!"

पप्पा जागेवर नव्हते. ते आत पाहुण्यांना आग्रह करत होते. प्रितीने मला कोपर मारलं. "ऊठ. फॅनखालची खुर्ची."

म्हणून मी उठले आणि तो प्रश्न विचारला.

अध्यक्ष गोड हसले. "कितवीत आहेस बाळ?"

"दहावीत. हात वर करायचाय सर."

एका आमदारांनी कान खाजवला. मला वाटलं हात वर येतोय, पण तो कानापाशीच थांबला. आणि मग खरंच एक हात वर गेला. कोपऱ्यातून, पेनासकट. वैशालीताईंचा.

"मी सदस्य नाही," त्या ओशाळून म्हणाल्या, "पण मी वाचलंय."

सगळा हॉल हसला. आणि मी, शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय, हात वर न करणाऱ्यांची मोजदाद केली. एक, दोन, तीन, अध्यक्ष धरून चार.

चार?

आता आमच्या घरात गणपूर्ती हा शब्द मी बाराखडीच्या आधी शिकले. पप्पांच्या जयंती समितीतही पंधराच सदस्य, आणि पाच जण हजर असल्याशिवाय पप्पा झेंड्याच्या काठीचाही ठराव होऊ देत नाहीत. एकदा चारच जमले, तर त्यांनी साबण लावलेल्या गणपतकाकांना टॉवेलवर आणून बसवलं होतं. त्यामुळे पुढचा प्रश्न प्रितीचा नव्हता, तो आपोआप तोंडातून सुटला.

"सर, पंधराच्या समितीला पाच लागतात ना? तुम्ही तर चारच आहात."

समितीचे अधिकारी टुणकन उठले आणि अध्यक्षांच्या कानाला लागले. अध्यक्षांचं हसू मावळलं, पण आवाजात एकदम उत्साह आला. "मुलीने योग्य मुद्दा मांडला. गणपूर्तीअभावी सुनावणी तहकूब. राहिलेल्यांना पुढची तारीख यथावकाश कळवू."

"साहेब, अहवालाची मुदत सोमवारी संपते," अधिकारी पुटपुटले. माइक चालूच होता. "पुढची तारीख नाहीये."

म्हणजे बावीस लोकांचं ऐकून झालं, आणि तेविसावी हरकत, आमची, मीच मारली. मागे वळून पाहिलं. प्रितीचं तोंड एवढंसं झालं होतं. अभ्यासिकाच राहिली नाही तर फॅनखालची खुर्ची घेऊन मी काय हिंदमाताच्या चौकात बसणार होते?

"तहकूब नको सर!" मी ओरडले. "तीन सदस्य आहेत इथेच. बाजूच्या खोलीत सुरमई खातायत!"

हॉल खदखदून हसला. अध्यक्षांना शिपाई पाठवावाच लागला. तो गेला आणि तोंड पुसत परत आला. "येतोच म्हणाले. हात धुतायत म्हणाले."

पाच मिनिटं गेली. आमदारांचे हात काही धुऊन होईनात. अध्यक्षांनी फायली आवरायला घेतल्या.

तेव्हा शेवटच्या रांगेतून आई उठली. नाइट ड्यूटीवरून थेट आलेली, डोळे लाल. रात्रभर वॉर्डात उठून फिरणारे पेशंट पुन्हा खाटेवर आणायचं काम करणारी बाई ती. "मनवा," ती म्हणाली, "माणसं येत नसतील तर ताटं उचल."

आम्ही दोघी आत शिरलो. पप्पा एका आमदारांना चौथी तुकडी वाढत होते. आईने त्यांच्या हातातली परात काढून घेतली, मी भाकऱ्यांची टोपली उचलली.

"अगं, पाहुणे जेवतायत!" पप्पा ओरडले.

"गो बाय, तवो अजून गरम आसा!" माधवकाका ओरडले.

आम्ही थांबलो नाही. आणि अगदी आईच्या हिशेबाप्रमाणे परातीमागून तीन माननीय सदस्य हातात ताटल्या घेऊन हॉलमध्ये आले. एकांच्या हातात सोलकढीचा पेला होता. परात मंचावर ठेवली, ते आपापल्या खुर्चीत बसले. बाकीच्या चौघांनी तरी किती वेळ नुसतं बघायचं? त्यांनीही हात पुढे केला.

सात. गणपूर्ती झाली.

मग मी बोलले. आणि काय सांगू, असं ऐकणारं सभागृह मला वक्तृत्व स्पर्धेतसुद्धा मिळालं नव्हतं. तोंडात सुरमई असल्यावर मध्येच कोण बोलणार? घंटीवाला शिपाईही खात होता, त्यामुळे माझी तीन मिनिटं नऊ झाली.

मी म्हणाले, "आमच्या खोलीत रात्री कोणी मुक्काम करत नाही, हे खरंय. मुक्काम केला असता तर अभ्यास झाला नसता. तिथे रोज अठरा जण बसतात. माझ्या आधी तिथे बसलेल्यांपैकी दोन नर्स झाल्या, एक वकील, एक बँकेत आहे. माझी आई त्या दोघींपैकी एक. लग्न होऊन या चाळीत आली आणि तिथेच बसून शिकली. आणि मुक्काम नाही म्हणून खोली रिकामी धरायची असेल, तर सर, विधानभवनातही रात्री कोणी राहत नाही. तिथे पण पार्किंग करणार का?"

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी घास गिळला. "बाळ, तुझ्या भावना समितीपर्यंत पोहोचल्या." मग कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. स्थानिक रहिवाशांनी विधेयकाचं स्वागत केलं."

वैशालीताईंचं पेन थांबलं. "साहेब, असं कुणी म्हणालं नाही. मी शब्दशः घेतलंय."

"सगळं?"

"सगळं. हात वर करायचा प्रश्न, चार सदस्य, अर्जंट फोन, सुरमई. तुम्ही आत्ता लिहा म्हणालात, तेसुद्धा."

अध्यक्षांनी ताटलीतला काटा बाजूला सारला. मग म्हणाले, "मला वाटतं, कलम नऊमधून अभ्यासिका वगळायला समितीची हरकत नसावी. काय?" सहा भरलेल्या तोंडांनी माना हलवल्या. "आणि माशांबाबतचा मजकूर कामकाजाशी संबंधित नसल्याने काढून टाकावा."

वैशालीताईंनी वहीत एक रेघ मारली. एकच.

सगळे पांगल्यावर मी त्यांच्यासाठी ताटली घेऊन गेले. "ताई, तुम्ही खरंच अख्खं वाचलंय?"

"न वाचून सांगते कुणाला? आधीच्या तीन बैठकांत अधिकाऱ्यांनी त्याचं कलम न् कलम वाचून दाखवलं. सदस्य फोनवर होते, मी लिहीत होते." त्यांनी मला वही दाखवली. नुसत्या रेघा, बिंदू, आकडे. "हा तुझा पार्किंगचा प्रश्न. ही सुरमई, खोडलेली."

"मग अहवाल लिहिताना हेच बघतात?"

"अगं, तेव्हा कुणालाच आठवत नसतं आपण काय बोललो ते. मग म्हणतात, वैशालीबाई, वही काढा." त्यांनी सुरमईचा तुकडा तोडला. "मस्त झालीये. उठता येत नव्हतं म्हणून, नाहीतर सकाळपासून जीव तिथेच होता माझा."

पुढच्या महिन्यात अहवाल छापून आला. एकशे चाळीस पानं, आणि त्यात कलम नऊला जोडलेले चार शब्द, 'नियमित चालणारी अभ्यासिका वगळून'. बाकी विधेयक होतं तसंच मंजूर झालं. बाजूच्या चाळीतली व्यायामशाळा पार्किंग झालीच. पप्पा सगळ्यांना सांगतात, माझ्या नाश्त्यामुळे खोली वाचली. आई तेव्हा परात जरा जोरात ठेवते.

गेल्या रविवारी पप्पांनी इंजिनिअरिंगच्या क्लासचा फॉर्म आणला, माझं नाव भरून. सहीसाठी पेन माझ्यापुढे केलं. मी पेन घेतलं, टोपण लावलं आणि उभी राहिले.

"पप्पा, आई, घरात सदस्य तीन आणि तिघंही हजर, त्यामुळे गणपूर्ती आहे. मी सायन्सला जाणार नाही. आर्ट्स घेणार. आणि दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून दादरला मराठी लघुलेखनाचा क्लास लावणार. मला ती वही लिहायचीये. आता चर्चा करा, भांडा, काय वाटेल ते करा, पण 'तुझ्या भावना पोहोचल्या' असं म्हणायचं नाही. आणि पप्पा, निर्णय होईपर्यंत कुणी काही खायला उठायचं नाही."