सरंजामे कुटुंब, १९२३

"बोट नका लावू, काका," म्हणत नंदाने गुरुनाथ सरंजाम्यांचा हात फोटोवरून हलकेच बाजूला केला. मग पातळ निळे हातमोजे चढवून तिने फोटो पांढऱ्या पाटीवर सरकवला आणि दिवा जवळ ओढला.

"सॉरी, सॉरी. चाळीस वर्षं हॉलमध्ये टांगला होता. रोज फडक्याने पुसायचो मी."

"कळतंय ते," नंदा हसून म्हणाली.

गुरुनाथ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. शॉमबर्गहून साडेचार तास गाडी चालवत ते सकाळीच ॲन आर्बरला पोचले होते, आणि एवढ्या प्रवासासाठीही त्यांनी टाय बांधला होता. शेजारी त्यांची नात सिया, मांडीवर सायकलचं हेल्मेट घेऊन बसलेली. ती इथेच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. खोली एका छोट्या वस्त्रसंग्रहालयाच्या तळघरातली. जुन्या फोटोंमधल्या कपड्यांवरून त्यांचा काळ आणि माणसं ओळखायची, त्यांची नोंद करायची, हे नंदा रामटेकेचं काम. ती बावीस वर्षं ते करत होती.

फोटो अमरावतीच्या एका स्टुडिओत काढलेला होता. मागे रंगवलेला जिना आणि वेली. मध्ये खुर्चीत गुरुनाथांचे आजोबा, रावसाहेब भास्करराव सरंजामे. बंद गळ्याचा लांब कोट, जरीकाठी उपरणं, पगडी, पायात मोजे आणि चकचकीत पंप शू. शेजारी त्यांच्या पत्नी, शालूवर शेला, नाकात नथ. मागे विधवेच्या आलवणातली म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. पुढे दोन मुलगे मखमली कोट आणि जरीच्या टोप्या घालून, आणि एक मुलगी. उजव्या कडेला, चौकटीच्या जेमतेम आत, आणखी एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची. रेशमी लुगडं, हातात पाटल्या, गळ्यात ठुशी.

"ही कडेची आमच्यातली नाही बरं का," गुरुनाथ पुढे वाकले. "रामटेके म्हणजे तुम्ही नागपूरकडच्या ना? मग तर तुम्हाला हे जास्तच भावेल. ही महारवाड्यातली पोर. एकोणीसशे तेवीस साल, विचार करा! माझ्या आत्याचं लुगडं हिला नेसवलं, घरचे दागिने घातले आणि घरच्या माणसांत उभं केलं. आमचे आजोबा असे होते."

"आय रोट माय कॉलेज ॲडमिशन एसे अबाउट हर," सिया म्हणाली.

"तिच्यावर?"

सिया जरा गोंधळली. "वेल... अबाउट हिम."

"सगळ्यांची नावं पाठ आहेत हिला," गुरुनाथ कौतुकाने म्हणाले. "विचारा तुम्ही."

"या मुलीचं नाव काय होतं?" नंदाने विचारलं.

आजोबा आणि नात दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते काही राहिलं नाही," गुरुनाथ म्हणाले. "बाकीची मागे आहेत बघा. माझ्या वडिलांच्या अक्षरात."

नंदाने फोटो उलटा केला. काळ्या शाईत, सुबक मोडीवळणाच्या अक्षरात सात नावं होती. शेवटी लिहिलं होतं, 'व एक पोर'. तिने फोटो पुन्हा सुलटा केला. तीन महिन्यांपूर्वी हाच फोटो ईमेलने आला होता. त्या दिवशी ती दुपारभर काही न करता बसून राहिली होती, आणि मग तिने गुरुनाथांना फार गोड उत्तर लिहिलं होतं.

तिने कागद पुढे केला. "हे दानपत्र. फोटो संग्रहालयाचा होईल. त्याच्यासोबत काय लिहायचं, ते संग्रहालय ठरवेल. तिसरं कलम वाचून घ्या."

"तुम्ही आपल्याच आहात. वाचायचं काय त्यात?"

"वाचून घ्या, काका."

"अहो, विश्वास आहे," म्हणत गुरुनाथांनी खिशातलं पेन काढून सही ठोकली.

सियाचा दोन वाजता क्लास होता. तिने आजोबांना मिठी मारली, नंदाला "बाय, मावशी" म्हटलं आणि ती जिना चढून गेली. तिची पावलं वाजायची थांबेपर्यंत नंदा थांबली. मग तिने दानपत्र कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली, आणि हातमोजे एकेका बोटातून सोडवत काढले.

"गालिचा बघितलात का कधी?" तिने विचारलं.

"गालिचा?"

"फोटोतला. सगळे त्याच्यावर आहेत. त्या पोरीच्या पायाखाली बघा. तिथला कोपरा दुमडलाय. ती फरशीवर उभी आहे."

गुरुनाथांनी चष्मा वर करून पाहिलं. "असेल बुवा. कधी लक्ष नाही गेलं."

"तिला कोणी हात लावायचा नव्हता. म्हणून तिच्या आईने तिला ते लुगडं नेसवलं. आईला असलं रेशीम नेसवायची सवय नव्हती, सारखं घसरत होतं. तुमच्या घरची एक बाई दारातून सांगायची, इथे खोच, तिथे खोच. आपण सुधारक आहोत हे गोऱ्या साहेबाला दाखवायला फोटो हवा होता, कौन्सिलात जायचं होतं रावसाहेबांना. फोटो निघाला. दागिने काढून गोमूत्राच्या बादलीत टाकायला लावले. लुगडं परत घेतलं नाही."

"तिलाच दिलं असेल," गुरुनाथ हळू आवाजात म्हणाले.

"जाळलं. स्टुडिओच्या मागे, तिच्यासमोर. तिचं स्वतःचं जुनेर कोणीतरी आधीच उकिरड्यावर फेकलं होतं. आईने आपल्या लुगड्याचा अर्धा भाग फाडला आणि तिला गुंडाळला. चार कोस चालत गेल्या दोघी."

"हे कुठे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं नाही. 'रेशीम जळते ना पोरी, त केस जळल्यावानी वास येते.' हे मी शंभरदा ऐकलंय. माहेरचं नाव तुळसा लहानू वासनिक. माझ्या वडिलांची आई. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत तिच्या कुशीत झोपायची."

वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. गुरुनाथांनी टायची गाठ सैल केली. बराच वेळ ते फोटोकडे नाही, नंदाच्या टेबलावरच्या रिकाम्या हातमोज्यांकडे पाहत राहिले.

"आई एकदा म्हणाली होती," ते अखेरीस बोलले. "लुगडं जाळल्याचं. सासूबाईंकडून ऐकलं होतं तिने. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही वाटून घेतलं नाही मी."

नंदाने हातमोजे उचलून खणात टाकले.

"सियाला नका सांगू. लहान आहे ती. तिचा तो एसे..."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं. चौदा तारखेला प्रदर्शन उघडतंय. फोटो वर भिंतीवर लागेल, शेजारी माहिती असेल. ती येणारच. त्याच्या आत सांगा, नाहीतर ती तिथे वाचेल."

"फोटो परत द्या मला."

"तो आता तुमचा नाही, सरंजामे."

ते उठले. जिन्याशी पोचल्यावर मागे वळून काहीतरी बोलणार होते, पण कठड्याला धरून वर गेले.

माहितीचा मजकूर लिहायला नंदाने चार दिवस घेतले. पहिला खर्डा तीन पानांचा झाला. त्यात बादली होती, उकिरडा होता, चार कोस होते, आणि रावसाहेबांबद्दल आजी वापरायची ते सगळे शब्द होते. वाचून तिला जाणवलं की यातही तोच माणूस मधल्या खुर्चीत बसलाय. तीन पानं त्याच्यावरच खर्ची पडली होती. तिने तो खर्डा फाडला आणि नुसत्या कपड्यांची नोंद करायला घेतली, नेहमी करायची तशी. 'पुरुष, मध्यभागी. बंद गळ्याचा कोट, जरीकाठी उपरणं, पगडी.' पुढे नाव लिहायची जागा आली. तिथे तिचा हात थांबला. मग तिने लिहिलं, 'नाव उपलब्ध नाही.'

पुढच्या सहा नोंदी भराभर झाल्या. स्त्री, शालू आणि शेला, नाव उपलब्ध नाही. मुलगा, मखमली कोट, नाव उपलब्ध नाही. शेवटी, 'उजवीकडे: तुळसा लहानू वासनिक, वय नऊ. रेशमी लुगडं, फोटोपुरतं नेसवलेलं. फोटोनंतर ते तिच्यासमोर जाळण्यात आलं, कारण ते तिच्या अंगाला लागलं होतं.'

संग्रहालयाच्या संचालिका मार्गारेट यांनी मजकूर दोनदा वाचला. "फोटोमागे नावं आहेत म्हणाली होतीस ना?"

"आहेत. कोणी लिहिली ते माहीत नाही. खात्री देता येत नाही," नंदा म्हणाली.

बावीस वर्षांत ती कामात पहिल्यांदा खोटं बोलली. मार्गारेटने मान डोलावून सही केली. त्या संध्याकाळी नंदाने वरण-भात लावला, वर तूप घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

चौदा तारखेला, शनिवारी दुपारी सिया एकटीच आली. काळा ड्रेस, कानात छोटे मोती. तिने कोट काढला नाही.

"आजोबा?" नंदाने विचारलं.

"पार्किंगमध्ये आहेत. गाडीत. गुडघा दुखतोय म्हणाले." ती थांबली. "ही टोल्ड मी. काल. दोन तास बोलत होते. जाळलं ते पण सांगितलं. अँड दॅट शी वॉज युअर ग्रँडमदर."

"बरं."

"आय डोन्ट नो व्हॉट टू से, मावशी."

"काही बोलू नकोस. बघून ये," नंदा म्हणाली, आणि शाल लपेटून बाहेर पडली.

पार्किंगमध्ये झाडांची पानं ओली होऊन डांबराला चिकटली होती. गुरुनाथ गाडीत सरळ बसले होते, आजही टाय बांधून. तिला पाहून त्यांनी काच खाली केली.

"सांगितलं मी तिला."

"कळलं."

"रडली नाही. नुसतं ओके, ओके म्हणत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं." त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. "काय लिहिलंय?"

आत येऊन वाचा, असं नंदाला म्हणता आलं असतं. पण सांगताना त्यांचं तोंड बघायचं होतं तिला. "कपडे लिहिलेत सगळ्यांचे. नाव एकाचंच. तिचं. बाकी सगळ्यांपुढे 'उपलब्ध नाही'."

त्यांना कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं.

"पण मागे आहेत नावं! मी दाखवली तुम्हाला."

"माहितीये."

"त्यात माझे वडील आहेत. डावीकडचा तो धाकटा. चार वर्षांचे होते ते, नंदाताई. चार. त्यांनी काय केलं होतं?"

पस्तीस वर्षं नंदा या घराण्यातल्या माणसाशी मनातल्या मनात भांडत आली होती. त्यांच्या प्रत्येक बोलण्यावर तिच्याकडे उत्तर तयार होतं. हा प्रश्न मात्र तिने कधी ऐकला नव्हता.

"काही नव्हतं केलं त्यांनी," ती म्हणाली. "तिनेही काही केलं नव्हतं."

गुरुनाथांनी काच वर केली. काचेत नंदाला स्वतःची शाल आणि मागचं झाड दिसलं, त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

ती आत परतली तेव्हा फोटोसमोर सात-आठ माणसं जमली होती. एक अमेरिकन म्हातारा काठीवर रेलून मजकूर वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने मान हलवली आणि काठीच्या मुठीने मधल्या खुर्चीकडे दाखवलं.

"हे गृहस्थ कोण? कोणीतरी बडी असामी दिसते."

"नोंद नाही," नंदा म्हणाली.

"अरेरे. एवढा नटूनथटून बसला, आणि नावसुद्धा उरलं नाही." म्हातारा शेजारी उभ्या असलेल्या सियाकडे वळला. "तुम्हीही तिकडच्याच का? तुम्हाला ठाऊक आहे का हा कोण?"

मार्गारेट चार पावलांवर होती. सियाने नंदाकडे पाहिलं. नंदाने नजर हलवली नाही, पण शालीचं टोक तिच्या मुठीत आवळलं गेलं.

"नो," सिया म्हणाली. "नोबडी नोज."

म्हातारा पुटपुटत पुढच्या फोटोकडे गेला. गर्दी पांगली. नंदा सियाच्या जवळ गेली, खांद्यावर हात ठेवावा म्हणून तिने हात उचललाही. पण सियाने पाठ फिरवली होती. ती पुन्हा वरून वाचायला लागली होती. पुरुष, मध्यभागी. स्त्री, शालू. मुलगा, मखमली कोट. प्रत्येक नोंदीशी तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. मात्र छापलेले शब्द वाचायला लागेल, त्यापेक्षा तिला प्रत्येक नोंदीपाशी थोडा जास्त वेळ लागत होता, पाठ असलेलं एखादं नाव म्हणण्याइतका.