माझे पाय कापले, बरं केलं

हसा. आधी पोटभर हसून घ्या, मग मी बोलते.

मी खुर्ची आहे. स्टूल नाही आणि मोडकं सामान तर मुळीच नाही. माझी पाठ शाबूत आहे, बैठक चौरस आहे, आजही कुठे फट दिसणार नाही. फक्त माझे पाय सहा इंचांचे आहेत. कंबरभर पाण्यात बाई उभी असावी तशी मी दिसते. घरात येणारा प्रत्येक जण मला बघून काहीतरी बोलतोच. "उंदरांनी कुरतडली की काय हो?" असं वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या. सिलिंडरवाला तर दर वेळी अडखळतो आणि माझ्याकडेच डोळे वटारून बघतो. बघू दे. माझे पाय कुठे गेले ते मला ठाऊक आहे आणि त्याची मला काडीची लाज नाही.

चाळीस वर्षांपूर्वी मला मिस्त्रींनी घडवलं. मिस्त्री म्हणजे या घरातले आजोबा, गल्लीत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. कुणाच्या तरी दाराची चौकट करून थोडं लाकूड उरलं होतं. लग्नानंतर बायकोसाठी त्यांनी पहिली वस्तू केली ती मी. त्यांनी तिला भिंतीला टेकवून उभं केलं, गुडघ्यामागे पट्टी धरली आणि पेन्सिलने खूण केली. अठरा इंच.

"तुझ्या मापाची आहे हो. दुसऱ्या कुणाला हिच्यावर बसवायचं नाही," ते म्हणाले.

ती लाजली आणि बसली. तेव्हा इतकी हलकी होती की कुणी बसलंय हे मला कळलंसुद्धा नाही. तेव्हापासून ती माझी बाई.

बाईचं काम बॅगा दुरुस्त करण्याचं. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, कुणाची चेन अडकलेली, कुणाचा बंद तुटलेला. खिडकीपाशी मशीन आणि मशीनपुढे मी. सकाळी बसली की जेवायला उठायची आणि पुन्हा बसायची. हाताला उसंत नाही नि पायाला काम नाही. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि चहात तीन चमचे साखर. वजन कधी वाढलं ते तिला समजलं नाही, मला समजलं. आधी ती बसली की माझ्या बैठकीच्या कडा दिसेनाशा झाल्या. मग माझा मागचा डावा सांधा कुईं करायला लागला. माणसं काट्यावर उभी राहून मग विश्वास ठेवतात. मला विचारलं असतं तर मी दहा वर्षं आधीच सांगितलं असतं.

पुढे गुडघे दुखायला लागले आणि घरातल्या सगळ्यांना तिची दया आली. तिथेच घोटाळा झाला. लेकाने माझ्या प्रत्येक पायाखाली एकेक वीट सरकवली. "आई, आता उठायला सोपं जाईल बघ." गेलं सोपं. वर्षभराने तेही जड वाटायला लागलं, तेव्हा त्याने वर जाडजूड गादी आणून ठेवली. मी उंच होत गेले आणि ती जड होत गेली. उठायचं काम मीच करून टाकलं, मग तिच्या पायांनी ते कशाला करायचं? बघणारे मात्र म्हणायचे, "नशीबवान आहात, मुलगा किती जपतो!"

मग नातू झाला. त्याला सगळे पिल्लू म्हणतात. सात महिन्यांचं झालं तेव्हा सूनबाईची रजा संपली. औषधांच्या कारखान्यात ती बाटल्यांवर लेबलं तपासते. ठरलं असं की दिवसभर पिल्लू आजीजवळ राहील. बाई इतकी हरखली की तिने मशीनवर कापड झाकून टाकलं.

तिसऱ्याच दिवशी ते झालं.

मिस्त्री बाहेर गेले होते. बाई सतरंजीवर पिल्लाशी खेळायला बसली. बसली म्हणजे जवळजवळ पडलीच. पिल्लू खुदकन हसलं, वळलं आणि रांगत न्हाणीघराकडे निघालं. दार उघडं होतं आणि आत अर्धी बादली पाणी होतं. "अरे थांब, थांब रे सोन्या!" असं म्हणत बाई उठायला गेली. तिला उठता येईना. तिने माझ्याकडे झेप घेतली आणि माझी बैठक धरून जोर लावला. मी विटांवर उभी. विटा सटकल्या. मी आडवी झाले आणि गादी भलतीकडेच जाऊन पडली. ज्या विटा तिला उठवायला आणल्या होत्या, त्यांनीच ऐन वेळी तिला पाडलं.

बसल्या बसल्या सरकत ती गेली. पिल्लाचा हात बादलीच्या कडेवर पोचला होता तेव्हा तिने त्याचा पाय पकडला. आणि मग पाऊण तास, ओल्या फरशीवर, तो पाय तिने सोडला नाही. पिल्लू भोकाड पसरून रडत होतं आणि ती त्याला गाणं म्हणून दाखवत होती.

दुपारच्या सुट्टीत सूनबाई धावत घरी आली. दोघांना तसं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"आई, राग मानू नका. पण मी तिथे बाटल्या बघते आणि मला बादलीच दिसते. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. उद्यापासून पिल्लू पाळणाघरात जाईल."

"दोन बस बदलून? एवढ्याशा जिवाला?"

"हो. तुम्ही त्याला जमिनीवरून उचलून, कशालाही न धरता उभ्या राहिलात ना, की त्या दिवशी ठेवीन तुमच्याकडे. माझा शब्द."

सूनबाईचं काही चुकलं नाही हं. आईचा जीव तो. बाईलाही ते कळत होतं, म्हणूनच जास्त लागलं. ती माझ्यावर येऊन बसली. मग तिने लेकाला हाक मारली. "त्या विटा घेऊन जा. गादीपण ने."

"अगं आई, पण..."

"ने म्हटलं ना!"

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती. तिने बाईचं वजन केलं, शहाऐंशी किलो. म्हणाली, "आजी, गुडघ्यांना कशाला बोल लावता? मांड्यांनी संप केलाय तुमच्या. साखर बंद, बिस्किटं बंद, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. रोज चालायचं. आणि खुर्चीवरून हात न टेकवता उठायचं, दहा वेळा. जमायला लागलं की खुर्ची बुटकी करत जायची."

त्या मुलीला म्हणायचं होतं, आधीपेक्षा बुटक्या खुर्चीवर बसा. पण आमच्या घरात सुतार! बाई घरी आली आणि महिन्याभराने अठरा इंचांवरून न टेकता दहा वेळा उठली तेव्हा धापा टाकत म्हणाली, "अहो, करवत काढा."

मिस्त्री उडालेच. "काय? ही खुर्ची माझ्या हातची आहे. हिला करवत लावायला सांगतेस?"

"चाळीस वर्षं बसले की तुमच्या खुर्चीवर. आता उठू द्या तिच्यावरून."

मिस्त्री दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला उलटी केली. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. करवतीचे दात पायाला लागले तेव्हा वाटलं, संपलं आता. चारी पायांचे दोन दोन इंच गेले. मिस्त्रींनी ते चार तुकडे घासून गुळगुळीत केले, प्रत्येकावर पेन्सिलने तारीख लिहिली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवले. मग मला सरळ करून म्हणाले, "बस आता. बघू तुझा तोरा."

बाई बसली. आणि उठता येईना! पहिल्या दिवशी एकदाही नाही. दोन इंचांत एवढा फरक असतो हे मलाही माहीत नव्हतं. ती हसत सुटली, मिस्त्रीही हसले, आणि घरातला अबोला मिटला.

पण रिकाम्या हाताने उठून काय उपयोग? उचलायचं होतं पिल्लाला. मग बाईने आपली विद्या काढली. जाड कापडाची पिशवी शिवली, चांगली भक्कम चेन बसवली आणि आत वाळू भरली. बरोबर पिल्लाएवढी, साडेसात किलो. ती कवेत घेऊन ती माझ्यावरून उठायची. पिल्लाचं दर महिन्याला दवाखान्यात वजन व्हायचं. सूनबाई सांगायची, "आई, आठ झालं हो." की बाई आत जाऊन चेन उघडायची आणि वाळू वाढवायची. साडेआठ, नऊ. अशी शर्यत लागली. हिचं उतरतंय आणि त्याचं चढतंय.

मिस्त्री म्हणायचे, "सूनबाई, पोराला जरा कमी भरव गं, नाहीतर त्याची आजी हरायची."

रोज काही सगळं छान चालत नव्हतं. कधी गुडघा सुजायचा. एका पावसाळी आठवड्यात ती चालायला गेलीच नाही आणि मास्तरीणबाईंकडे जाऊन बिस्किटं खाऊन आली. तोंडाला लागलेला चुरा मिस्त्रींनी दाखवला तेव्हा त्यांच्यावरच डाफरली. आणि कुणी बघत नसलं की उठताना हळूच मशीनच्या कडेला एक बोट लावायची. मला ते बोट कळायचं, कारण तेवढा भार माझ्यावरून लवकर जायचा. मी कुणाला सांगणार? पण एके दिवशी तिने स्वतःच मला ओढत खोलीच्या मधोमध आणलं. भिंत लांब, मशीन लांब. "आता कर लबाडी," ती स्वतःलाच म्हणाली.

पाय कापता कापता माझे दहा इंच उरले तेव्हा लेकाने नवी खुर्ची आणली. उंच, मऊ, हात असलेली. बटण दाबलं की बैठक वर येऊन माणसाला उभं करते म्हणे. "आई, या वयात कशाला जिवाचे हाल करतेस? हे लाकूड टाकून देऊ." हे लाकूड म्हणजे मी.

बाईने बटण दाबून बघितलं. नवीन खुर्चीने तिला अलगद उभं केलं. बाई म्हणाली, "छान आहे रे. पण ही मला उठवते. मला उठायचंय." आणि ती येऊन माझ्यावर बसली. धप्पकन नाही, सावकाश. माझा मागचा डावा सांधा गप्प होता. कधीपासून गप्प होता ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. नवी खुर्ची आठवड्याने दुकानात परत गेली.

आठ महिन्यांत सहा वेळा करवत लागली. मी सहा इंचांवर आले आणि बाई एकाहत्तर किलोवर. पिशवीत सव्वादहा किलो वाळू होती.

एका सकाळी पाळणाघरातून निरोप आला, तिथल्या ताईंना ताप आहे, आज बंद. सूनबाई चप्पल काढायला लागली. "मी सुट्टी टाकते."

"थांब," बाई म्हणाली. ती सतरंजीवर बसली. माझ्यापासून चार हात लांब, भिंत लांब, काहीच जवळ नाही. "पिल्लाला दे इकडे."

पिल्लू आता पंधरा महिन्यांचं होतं आणि तेवढ्यात झोपेतून उठवल्यामुळे चिडलेलं. बाईने त्याला कवेत घेतलं, एक पाय पुढे रोवला आणि जोर लावला. अर्ध्यावर आली आणि पिल्लाने स्वतःला मागे झोकून दिलं. वाळू कधी अशी करत नाही हो! बाई मागे बसली. सूनबाई किंचाळून पुढे धावली.

"हात लावायचा नाही!" बाई ओरडली. असा आवाज मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "पडले नाहीये मी. बसलेय."

तिने पिल्लाला वळवलं, कडेवर घट्ट आवळलं. पुन्हा पाय रोवला. मांडी थरथरत होती, मला लांबूनही दिसत होतं. श्वास सोडला. आणि उठली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बघायचं कारणच नव्हतं, आणि तसं कारण उरू नये म्हणूनच तर मी इंचाइंचाने झिजले होते.

सूनबाईने पदराने डोळे पुसले आणि लागली सांगायला, दूध कोमट द्या, चमचा उकळून घ्या, बादली पालथी ठेवा, न्हाणीघराला कडी लावा. दोनदा जिना उतरली आणि दोनदा वर आली. तिसऱ्यांदा बाईनेच दार लावून घेतलं. "जा गं बाई, उशीर होईल!"

आता पिल्लू दोन वर्षांचं आहे. ते माझ्यावर बसतं, त्याचे पाय जमिनीला बरोबर टेकतात. मिस्त्री परवा म्हणत होते, "नवीन पाय जोडून देतो हिला, पूर्वीसारखी करतो." बाईने डोळे मोठे केले. मीही केले असते, डोळे असते तर.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस उठताना कण्हत असेल, तर विटा आणायला धावू नका. ज्याला खरंच होत नाही त्याला द्या आधार, माझं काही म्हणणं नाही. पण आधी एकदा विचारा तरी, की तुला उठवू, का तुला उठायचंय?

आणि माझे पाय कुठे गेले म्हणून हसणाऱ्यांनो, ते बघा तिकडे सतरंजीवर. चोवीस तुकडे, प्रत्येकावर तारीख. पिल्लू त्यांचा मनोरा रचतंय. रचतं आणि धाडकन पाडतं, तुकडे कपाटाखाली जातात, मशीनखाली जातात. मग बाई खाली बसते, सगळे गोळा करते.

आणि उठते.