‘सैल’ म्हणायचं कोणी?

मी एक जुनी मालवाहू नाव आहे, मित्रांनो, आणि माझा स्वभाव गोड नाही. तो ज्यांनी नासवला ते दोघे आत्ता माझ्यासमोर उभे आहेत.

माझ्या लोखंडी पोटातून वर्षानुवर्षं विटा आणि कोळसा गेला. माझा पहिला मालक शिवराळ होता, पण रोज काम संपल्यावर माझ्या कडेवरून हात फिरवायचा. त्याच्या माघारी त्याच्या दोन मुलांनी आत पलंग आणि शेगडी बसवून मला सहलीची नाव केलं. थोरल्याला हिरवा रंग हवा होता, धाकट्याला निळा. म्हणून माझी एक बाजू हिरवी आणि दुसरी निळी. काठावरचे लोक म्हणायचे, “वा, काय कल्पना!” कल्पना कसली, माझं कपाळ!

यंदाच्या सहलीचा बेत थोरल्याने आखला. सरळ मोठ्या तलावापर्यंत जायचं. वाटेत कालव्याचा रखवालदार म्हणाला, “पुढे बांध फुटलाय, पाणी नाही. डावीकडच्या फाट्याने जा.” धाकटा लगेच तयार झाला.

“ठरलं म्हणजे ठरलं,” थोरला म्हणाला आणि मला पुढे रेटलं. व्हायचं तेच झालं. मी गाळात रुतले. कसंबसं मागे ओढून मला फाट्यावर आणलं, तेव्हा धाकट्याने जेवताना, भांडी घासताना, झोपताना एकच पालुपद लावलं, “मी सांगितलं होतं.”

थोरल्याने अबोला धरला. मग धाकट्यानेही धरला. गुडघ्याला गुडघा लागेल एवढीशी ती खोली, आणि तिथेही निरोप थोरल्याच्या बायकोमार्फत. “वहिनी, दादाला सांग, चहा झालाय.”

फाट्यावर कालवा एका ठिकाणी पायरीसारखा खाली उतरतो. तिथे दोन दरवाज्यांमध्ये अरुंद हौद आहे. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा आणि हौदातलं पाणी सोडायचं, की नाव अलगद खाली जाते. काठावरचा माणूस चाक फिरवून पाणी सोडतो. त्याची नावेकडे पाठ असते. नावेची दोरी काठावरच्या खुंटाला असते, आणि नाव खाली जाताना ती ताणली की नावेतल्याने ओरडायचं, “सैल!” मग काठावरचा पाणी थांबवून दोरी सोडतो. बापाने दोघांनाही हे लहानपणीच शिकवलं होतं.

वहिनी दूध आणायला उतरली होती. धाकटा चाकाशी होता, थोरला माझ्या सुकाणूवर. पाणी उतरू लागलं. दोरी ताणली. थोरल्याला ती दिसत होती.

तो खाकरला. मित्रांनो, मी बुडत होते आणि हा शहाणा नुसता खाकरला! धाकट्याने ते ऐकलं आणि मान वळवली नाही. मी एका कुशीवर लोंबकळले, खिडक्यांतून पाणी आत घुसलं आणि दोरी तुटताच तळाला गेले. थोरला हौदाच्या भिंतीवरच्या शिडीला लटकून वाचला. त्याचा मला अजिबात आनंद झाला नाही.

वहिनी आली. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. “तोंडात काय गुळणी धरली होती दोघांनी?” ती ओरडली.

क्रेनने मला वर काढलं आणि नावा दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या या आवारात आणून टाकलं. दोघे वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणजे गाठ पडायला नको. थोरला एकटाच येऊन माझ्या कडेवरून हात फिरवतो. धाकटा खिडकीतला गाळ खरवडतो आणि डोळे पुसतो. दुरुस्ती दोघांनाही हवी आहे, हे मला माहीत आहे. त्यांना एकमेकांचं माहीत नाही.

तुम्हाला माझ्याकडून शिकवण हवी असेल. रंग लावा, तेल घाला, गंज काढा, हे सगळं ठीक. पण दोरी ताणलेली असताना अबोला धरू नका. रुसायचं तर काठावर, कोरड्यात रुसा.

आज मिस्त्रीने दोघांना एकाच वेळी बोलावून घेतलं. माझ्या पुढच्या टोकाशी एक हिरव्या बाजूला उभा आहे, दुसरा निळ्या. गॅस कटर पेटला आहे.

“बोला लवकर. दुरुस्त करायची, की मोडीत काढू?” मिस्त्री विचारतोय.

थोरला धाकट्याच्या तोंडाकडे बघतोय आणि धाकटा थोरल्याच्या.

“मग कापतो,” मिस्त्री म्हणाला.

थोरला पुन्हा खाकरला. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी ओरडा!