जागा भरण्यापुरतं गाव

निंबतळ हे गाव धम्मदीप शिवशरणनं जगाच्या नकाशावर टाकलं, त्या दिवशी त्याला सर्दी झाली होती. सर्दीचा या गोष्टीशी तसा संबंध नाही. पण पुढं कधी चौकशी झालीच तर सांगायला काहीतरी असावं, म्हणून त्यानं ती लक्षात ठेवली होती.

धम्मदीप मूळचा सोलापूरचा, आणि दिल्लीत एका थंड देशाच्या दूतावासात नोकरीला. हुद्दा, 'सल्लागार, हवामान बदल आणि क्रिटिकल मिनरल्स'. क्रिटिकल मिनरल्स म्हणजे विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी जगाला तातडीनं हवी असलेली आणि सहसा दुसऱ्याच कुणाच्यातरी घराखाली निघणारी खनिजं. त्याची आई शेजारणींना सांगायची, "पोरगा दगडाचं बघतो." शेजारणींना वाटायचं, खडी क्रशर आहे.

दूतावासांत नॉन-पेपर नावाचा एक प्रकार असतो. त्यावर सही नाही, शिक्का नाही, तारीख नाही. दिल्लीतल्या मंत्रालयात साहेबांना भेटायला जायचं, चहा घ्यायचा आणि निघताना तो कागद टेबलावर विसरायचा. ठरवून विसरायचा. मग तो कुणी लिहिलेला नसतो, दिलेला नसतो, घेतलेलाही नसतो. फक्त सगळ्यांनी वाचलेला असतो.

या कागदाचा एक साचा होता. तिसऱ्या परिच्छेदात 'उदाहरणार्थ'च्या पुढं एक रिकामी जागा. पूर्वी सगळे तिथं 'अमुक' टाकून ठेवत आणि शेवटी खरं नाव भरत. एकदा 'अमुक' तसाच बाहेर गेला आणि पलीकडून अमुक जिल्ह्याची लोकसंख्या विचारणारं पत्र आलं. त्यावर फतवा निघाला, की जागा रिकामी सोडू नये आणि रिकामी वाटेल असंही काही लिहू नये. तेव्हापासून मसुदा करताना धम्मदीप तिथं 'निंबतळ' लिहायचा. मंगळवेढ्याच्या पुढं तीनशे उंबऱ्यांचं गाव, काळी जमीन, ज्वारी, आणि त्याची आत्या भीमाबाई. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यानं तिथंच काढलेल्या, त्यामुळं बोटं आपोआप त्या अक्षरांवर जायची. कागद बाहेर जायच्या आधी तो नाव बदलायचा. सर्दीच्या दिवशी बदलायचं राहिलं.

'साठे असण्याची शक्यता नाकारता येत नाही असे काही भाग आहेत, उदाहरणार्थ निंबतळ.' कागद मंत्रालयात विसरला गेला.

चार दिवसांनी चूक ध्यानात आली, तेव्हा तो धावत प्रथम सचिव मॅडमकडं गेला. या त्याच्या साहेब. उंच, शांत, कायम थंडी वाजत असल्यासारख्या शाल पांघरलेल्या.

"मॅडम, तो कागद परत मागवायला हवा. त्यात एक चूक आहे."

"कोणता कागद?" मॅडम म्हणाल्या.

"आपण विसरलो तो."

"दिलाच नाही, तो परत कसा मागायचा, दीप?"

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्या कचेरीत धम्मदीप सोडून कुणीच चेष्टा करत नसे, आणि त्याच्या चेष्टाही भाषेच्या अडचणीत जमा होत.

पुढचं सगळं त्यानं खुर्चीत बसून पाहिलं. एका अभ्यास संस्थेनं अहवालात निंबतळचं नाव घेतलं. मंत्रालयानं त्या अहवालाचा हवाला दिला. दुसऱ्या एका देशाच्या दूतावासातून फोन आला, "निंबतळबद्दल तुमच्याकडं काय आहे?" धम्मदीपनं खरं ते सांगितलं, "काही नाही." पलीकडचा माणूस हळूच म्हणाला, "समजलो." आठवड्याभरात त्यांनी आपला भूगर्भतज्ज्ञ नेमला. त्या तज्ज्ञानं निंबतळात दोनशे फूट भोक पाडलं, खाली नुसता काळा दगड लागला, आणि त्यानं अहवाल दिला की वर काही नाही, म्हणजे खोलवर असावं.

मग धम्मदीपच्याच टेबलावर त्याच्याच दूतावासाच्या, म्हणजे थंड देशाच्या राजधानीतून तार आली; दूतावासात ईमेललाही तारच म्हणतात. 'निंबतळबाबत आपली भूमिका काय?'

ती भूमिका ठरवायला फेब्रुवारीच्या सुरुवातीला मॅडम आणि धम्मदीप सोलापूरला उतरले.

सात रस्ता चौकात भाड्याची गाडी ठरवली. धम्मदीप पत्ता सांगायला लागला तसा ड्रायव्हर म्हणाला, "निंबतळ व्हय? बसा की. काल दुसरे गोरे सोडून आलो. परवा तिसरे हायत." मग आरशात मॅडमकडं बघून, "ह्या कितव्या?"

मंगळवेढ्याच्या पुढं रस्ता उजाड माळावरून जात होता. एका ठिकाणी चार खोपटी दिसली, मेंढरं, आणि रस्त्याकडं बघत उभा एक म्हातारा.

"हे कोणतं गाव?" मॅडमनी विचारलं.

"गाव न्हाय हो, धनगरांची चार घरं," ड्रायव्हर म्हणाला. "नावच न्हाय त्याला. नाव न्हाय म्हणून लाईट न्हाय, लाईट न्हाय म्हणून कुणी नाव ठेवत न्हाय. तो म्हातारा धुळा नऊ वर्षं तलाठ्याकडं खेटे घालतोय. मी म्हटलं, धुळाची वस्ती म्हण की. तर म्हणतो, मी मेल्यावर काय म्हणायचं?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

निंबतळच्या वेशीवर सरपंच रुद्रप्पा हार घेऊन उभे होते. हारांची पाटीच होती जवळ, दिवसभराची बेगमी. "या मॅडम, या! आमचं गाव लई क्रिटिकल हाय बघा. मुख्यमंत्री कधी आले न्हाईत, पर वर्सभरात आठ देश आले."

"आणि गाव उठवायला लागलं तर?" धम्मदीपनं मराठीत विचारलं.

रुद्रप्पांच्या हातातला हार हातातच राहिला. "उठवायचं कशाला? माती तपासायची म्हणाले." मग आवाज खाली आणून, "दारावर आकडे मात्र टाकल्यात. कशाचे म्हणून विचारलं, तर म्हणतात क्रमानं हायत."

भीमाबाईच्या दारावर लाल रंगात १७ होतं.

"जय भीम, आत्या."

"जय भीम. आलास व्हय रं? किती वाळलास! दिल्लीत भाकरी घालत न्हाईत का?" ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. बासष्ट वर्षांची, बारीक, डोळे मात्र सगळं मोजणारे. "हिला बी बसव. थंडी वाजती का तिला? कोण हाय ही?"

"माझी साहेब."

"बया! मग आधी चा टाकते."

मॅडमनी चहा घेतला आणि त्या रुद्रप्पांबरोबर शाळेकडं गेल्या. आत्या-भाचे दोघंच राहिले. शिवारातून भोक पाडणाऱ्या यंत्राचा ठोका येत होता. दर ठोक्याला फळीवरची भांडी केसभर पुढं सरकत होती. भीमाबाई उठली, सगळी भांडी तळहातानं मागं ढकलली आणि पुन्हा येऊन बसली. हे ती दिवसातून तीनदा करते, असं तिनं भांडी घासायची पाळी सांगावी तसं सांगितलं.

"ज्वारी कशी आहे?"

"कणसं अशी भरल्यात. आन गंमत बघ, औंदा गोफण हातात धरली न्हाय मी. पाखरूच येईना. ते भिरभिरणारं यंत्र वरनं फिरतंय न्हवं, तवापास्नं एक चिमणी न्हाय गावात." ती थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. "पयल्यांदा बरं वाटलं. आता सकाळी उठलं की कान दुखत्यात."

धम्मदीपनं एक शेंग उचलून फोडली.

"एक सांग मला. तू शिकलेला हायस. दिल्लीत एवढी गावं पडल्यात. आमचं नाव कुणी घेतलं असंल रं?"

सांगायला सर्दी होती. पण सर्दी तोंडाबाहेर आली नाही. तो म्हणाला, "बघतो मी." आणि उठला.

शाळेच्या पटांगणात मॅडम एकट्याच उभ्या होत्या. त्यानं सगळं सांगून टाकलं. साचा, रिकामी जागा, फतवा, आत्या. इथं काहीच नाही मॅडम, नाव मी टाकलं होतं, जागा भरण्यापुरतं.

"माहीत आहे," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आहे?"

"तिसऱ्याच महिन्यात कळलं. तुझ्या अर्जात आत्याचा पत्ता आहे, तातडीच्या संपर्कासाठी. मंत्रालयालाही माहीत आहे. बाकीच्यांनाही असावं." त्यांनी शाल नीट केली. ऊन छत्तीस अंश होतं. "पण आता निंबतळवर चार देशांची भूमिका आहे, दीप. एका देशाची भूमिका मागं घ्यायला सहा वर्षं लागतात. गाव हलवायला आठ महिने."

यंत्राचा ठोका पडला. शाळेच्या खिडकीची काच हलली.

"आत्याचं घर जाईल, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्या नजरेत माया होती, आणि तीच त्याला जास्त भीतीची वाटली. "मागं घेता येत नाही. सुधारता येतं. उद्या सोलापुरात जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना भेटायचंय. तिथं मी एक कागद विसरू शकते. 'निंबतळ'ऐवजी दुसरं नाव. तालुका मात्र हाच हवा, तालुक्याचे नकाशे छापून झालेत. आणि जागा रिकामी सोडता येणार नाही. फतवा तुला माहीत आहे."

"दुसरं कुठलं नाव?"

"ते तू ठरव. स्थानिक माहिती तुझी."

तो परत भीमाबाईकडं आला. ती वाती वळाव्या तितक्या शांतपणे ज्वारी निवडत होती.

"आत्या, या तालुक्यात कुणीच राहत नाही अशी जागा कुठली?"

"कुणीच न्हाय अशी?" तिनं विचार केला. "वढ्याच्या पल्याड न्हाय कुणी. न्हाय न्हाय, तितं चन्नप्पाची म्हातारी असती. खाणीकडं बघ... तितं ज्ञानूनं खोली घातली औंदा." बोटं मोजून झाली. "न्हाय रं. कुणी ना कुणी असतंय की. का रं?"

"सहज."

परतीच्या वाटेवर गाडीत धम्मदीप मांडीवर लॅपटॉप घेऊन गावं घडवत बसला. नसलेलं गाव लागत होतं. त्यानं एक नाव टाकलं, मशीन म्हणालं, आहे, लोकसंख्या अकराशे. दुसरं टाकलं, तेही निघालं, वर दोन शाळा. महाराष्ट्रात माणूस मनानं नाव घडवायला बसला की आपल्या आधी तिथं ग्रामपंचायत झालेली असते. नववं नाव टाकलं, 'चांदणतळ'. मशीन थोडा वेळ फिरलं. असं गाव नाही.

त्यानं तालुकाभर शोधलं, जिल्हाभर शोधलं. नाही. कुणाची आत्या नाही, विहीर नाही, भांडी नाहीत. ते नाव साच्यात बसवताना त्याला इतकं हलकं वाटलं की सोलापुरात शिरल्यावर त्यानं ड्रायव्हरला शेंगाचटणीची पुडी घेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याजवळच्या कचेरीत मॅडम कागद विसरल्या. अधिकाऱ्यांनी तो घेतला नाही आणि खणात ठेवला.

तीन आठवडे गेले. राजधानीतून तार आली, 'चांदणतळबाबत आपली भूमिका उत्तम.' दुपारी जेवणाच्या सुट्टीत आत्याचा फोन आला.

"दीपा, यंत्र गेलं रं! दारावरचा आकडा बी खरवडून दिला त्यांनी. माणसं चांगली हायत. जाताना विचारत होती, चांदणतळ कुटं हाय? मी म्हटलं, असलं गाव ह्या मुलखात न्हाय बाबा."

"बरोबर आहे," धम्मदीप म्हणाला. "असं गावच नाही." त्याला हसू येत होतं.

"व्हय की, मी बी तेच म्हटलं. ते म्हणाले, कागदावर हाय. गावांचा सगळा तक्ता काढून बसली, प्रत्येक गावाला आपापलं नाव. फिरत फिरत गेली धुळाकडं."

हसू जिथं होतं तिथंच राहिलं.

"त्या चार खोपटांना नाव न्हवतं न्हवं? मग दिलं त्यांनी. ही एवढी पाटी लावली रस्त्याला, हिरवीगार. धुळा पाटीला हात लावून रडला म्हणं. परवा लाईटचा खांब बी आला. घरोघर पेढे वाटत फिरला म्हातारा, मला दोन दिले. दारांवर आकडे टाकल्यात, एक ते चार. नाव चांगलं हाय पर. चांदणतळ. कुणी काढलं असंल रं?"

समोर पडद्यावर नवा मसुदा उघडा होता. तिसरा परिच्छेद. 'उदाहरणार्थ'च्या पुढं ती उभी रेघ लुकलुकत होती.

त्यानं विचारलं, "आत्या, पाखरं आली का परत?"

"आली की! लई आली. गोफण खाली ठेवता येईना," भीमाबाई म्हणाली. "धुळाच्या माळावरची बी सगळी हिकडंच आल्यात."