एकशे दोन अंश

लँकशायरमधल्या त्या वॉलपेपरच्या कारखान्यात एडना रॉथवेल अकरा वर्षं गुलाब काढत होती. पन्नास साली लंडनच्या प्रदर्शनासाठी काहीतरी नवं हवं झालं, आणि केंब्रिजच्या स्फटिकशास्त्रज्ञ डॉक्टर मार्जरी पेल यांनी एका खनिजाच्या स्फटिकाचा नकाशा पाठवला. अणूंची वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या रेषा. सोबत एकच ओळ होती : ‘रंग तुमचे, कोन माझा. एकशे दोन अंश.’

छपाईचा फोरमन क्लेग याने नकाशा उलटसुलट करून पाहिला. “पोरी, हे तर कलंडलंय. भिंतीवर लावलं की सगळं घर उताराला लागल्यासारखं दिसेल.”

“दिसणार नाही. मी बघते.”

पण चार दिवसांनी नमुना छापून आला, तेव्हा एडनाने त्यावर कोनमापक ठेवला. बरोबर नव्वद.

“तुम्ही सरळ केलंत, मिस्टर क्लेग?”

“बारा अंशांनी काय बिघडतंय? कोण मोजायला बसलंय?”

“मी बसलेय ना! हा तो स्फटिकच नाही. या चौकटी तर माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवरही आहेत.”

ती टेबलाशी बसली. उभ्या रांगांतले अणू तिने गडद निळे केले आणि तिरप्या रेषा फिक्या राखाडी, म्हणजे नजर आडवी घसरण्याऐवजी वर चढेल. उरला प्रश्न कागदाच्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्यांचा. पट्टा एकवीस इंच रुंद. तिने हिशेब मांडला. प्रत्येक पुढचा पट्टा साडेचार इंच खाली सरकवला, की रेषेला रेष मिळत होती. छपाईचा रूळ पुन्हा कोरायला क्लेग कुरकुरला, पण कोरून दिला.

शनिवारी दुपारी एडनाने बाह्या वर सारल्या, खळीची बादली घेतली आणि कारखान्याच्या उपाहारगृहाची सबंध भिंत स्वतः मढवली. छपाईच्या बायका चहा घेऊन भोवती जमल्या.

“अगंबाई, घेवड्याचे वेलच जणू, दोरीवर चढवलेले!” एकीने म्हटलं.

“तिरकं वाटतं का गं?” एडनाने विचारलं.

“तिरकं? कुठे?”

क्लेग ओळंबा घेऊन आला. एकेका सांध्यापाशी सोडून पाहू लागला. सहाव्या सांध्यावर त्याने दोरी गुंडाळली आणि खिशात टाकली.

“लावलंयस मात्र झकास,” तो म्हणाला.

सोमवारी डॉक्टर पेल आल्या. ओला कोट न काढताच त्यांनी भिंतीवर मोजलं. एकशे दोन. मग त्या चार पावलं मागे सरकल्या.

“सहा वर्षं मी हा स्फटिक कागदावर बघतेय,” त्या हळूच म्हणाल्या. “इतका देखणा आहे, हे माहीतच नव्हतं मला.”

“बाई,” क्लेगने विचारलं, “याहून वाकडं काही आहे का तुमच्याकडे?”

पेलबाईंनी पिशवी उघडली. एडनाने टेबलावरचे कप बाजूला सारले.