न्यायचा सोफा

आमच्याकडे दोन प्रकारच्या वस्तू होत्या: वापरायच्या आणि न्यायच्या. वापरायच्या वस्तू शारजात झिजायच्या, फुटायच्या. न्यायच्या वस्तू खोक्यांत, पलंगाखाली वाट बघत राहायच्या. कधीतरी कायमचं परत जायचं होतं, तेव्हा त्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये उघडायच्या होत्या. बाबांचा सोफाही न्यायचा होता. फक्त तो पलंगाखाली मावत नव्हता.

अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला असताना, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी तो घेतला. अस्सल सागवान, निमुळते पाय, घाट डेन्मार्कचा, १९५०च्या आसपासचा. कित्येक वर्षं मी आणि माझा भाऊ सत्यजित त्याच्यावर उड्या मारत होतो. रेक्झिन फाटलं, एक पाय डुगडुगायला लागला, पण तोवर तो वापरायचा होता. निवृत्त होण्याच्या सुमारास बाबांनी तो एका कारखान्यात देऊन रिस्टोअर करून घेतला. नवा फोम, नवं कापड, लाकडाला हातपॉलिश. घरी आला त्याच दिवशी त्याला बढती मिळून तो न्यायचा झाला. वर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. बाबा समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसत. पाहुण्यांना चादरीचा कोपरा उचलून लाकूड दाखवत आणि सांगत, "मिड-सेंच्युरी आहे. तसा मीही मिड-सेंच्युरीच. पण मला कोणी रिस्टोअर करत नाही."

फेब्रुवारीत बाबा गेले. भेटायला आलेली माणसं सतरंजीवर बसली. जागा अपुरी पडली तरी सोफ्यावर कोणी बसलं नाही. अबुधाबीहून आलेले सुरेशकाका, दोन्ही गुडघे बदललेले, भिंत धरून खाली टेकले आणि उठताना त्यांना दोघांनी उचललं. वर बसा, असं आई म्हणाली नाही. मीही म्हणाले नाही. दुःखात माणूस कशाची काटकसर करेल सांगता येत नाही.

आईचा व्हिसा बाबांच्या नावावर होता, त्यामुळे तिला ठरवणं भाग होतं. माझं घर शारजातल्या त्याच वस्तीत, अल नहदात, तिच्यापासून दोन बिल्डिंगा सोडून. माझ्या व्हिसावर ती राहू शकत होती. पण आमच्यात 'राहा' असं कोणी म्हणत नाही. 'बघ, तुला सोयीचं पडेल तसं,' असं म्हणतात, आणि तसं मी म्हटलं. आईने पुण्याला जायचं ठरवलं. तेही तिने स्वतःच्या नावावर ठरवलं नाही. "ह्यांचा सोफा पोचवायला हवा," एवढंच म्हणाली. सोफा निघाला होता आणि सोबत म्हणून ती.

माझा नवरा सुदेश म्हणाला, तिला सरळ विचार ना. त्याऐवजी मी मोठ्या तत्परतेने पॅकर्स बोलावले. माझी मुलगी ईशानी हे सगळं बघत होती. "आजी, व्हाय डोन्ट यू जस्ट सिट ऑन इट?" तिने विचारलं. 

पुण्याच्या फ्लॅटमध्ये सत्यजित, त्याची बायको विभावरी आणि मुलगा वरद राहतात. मी त्याला सोफ्याची मापं पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला. आई मटार सोलत होती, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला. त्याने आधी तब्येत विचारली, उकाडा विचारला. मग म्हणाला की लिफ्टमध्ये सोफा जात नाही, जिन्याच्या वळणावर अडकेल, आणि हॉलमध्ये दिवाळीत घेतलेला रिक्लायनर आहे. तिकडेच विकून टाका, हल्ली असल्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं. हे सगळं तो प्रेमानेच सांगत होता. माझा भाऊ वाईट नाही.

"तू ये गं आई. वरदच्या खोलीत तुला कॉट टाकतो. पण सोफा नको. जागा कुठे आहे?"

मागून विभावरी म्हणाली, "कॉट फोल्डिंगची आहे, आई. दिवसा उचलून ठेवता येते."

आई "बरं" म्हणाली. वरदची परीक्षा कशी झाली, ते विचारलं. फोन ठेवल्यावर उरलेले मटार सोलले.

मला हवं ते झालं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती. मनात बरीच वाक्यं तयार होती. 'तुझी सोय करते', 'ईशानीच्या खोलीत'. सगळी सत्यजितचीच वाटत होती. शेवटी मी म्हटलं, "आई, जाऊ नकोस. मला तू इथे हवी आहेस."

 ती उठली, सोफ्यावरची चादर ओढून घडी घातली आणि प्लास्टिक सुरीने कापलं. मग कडेला बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. थोड्या वेळाने मागे सरकली.

"कडक आहे," ती म्हणाली.

"कोणी बसलंच नाही ना."

तिने शेजारच्या गादीवर तळहात दाबून बघितला. "तुझ्या हॉलमध्ये मावेल का हा?"

मी मावेल म्हणाले. मोजलं नव्हतं. शनिवारी सुदेशला आमचं डायनिंग टेबल विकावं लागलं.