तेपाएरूची रुंद काठाची टोपी

मी टोपी बोलतेय. नारळाच्या कोवळ्या कोंबातली पाती सोलून, उकळून, उन्हात पांढरी करून आकाइती आत्यानं मला विणलं, तिच्या भाचीच्या, तेपाएरूच्या लग्नासाठी. पॅसिफिक महासागरातल्या आमच्या मांगाइया बेटावर माझ्यासारख्या टोप्या बायका फक्त रविवारी चर्चला घालतात. एरवी मी कापडात गुंडाळलेली असायचे.

तेपाएरू आणि तेआरिकी ही जुळी भावंडं. एकदा बेटावर तापाची साथ आली. दोघंही आडवी झाली. ती दोन-तीन दिवसांत उठून अळूच्या शेतात गेली. तो मात्र कण्हत पडला होता.

"बाळंत झालायस का रे?" पेज घेऊन आली की ती चिडवायची.

"हस तू. तुम्हा बायकांना तापसुद्धा वचकून असतो."

तिला मुलगी झाली आणि पुढच्याच वर्षी तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. रविवारी मला डोक्यावरून काढलं की तिचे केस माझ्या आतल्या पट्टीला चिकटून यायचे. ती ते गुपचूप वेचून खिशात टाकायची.

"दमले रे, आज शेतात नाही येत," ती म्हणाली, तेव्हा तेआरिकी हसला. "धडधाकट दिसतेस की. चिखलात उतरायचं म्हटलं की बरी दुखणी सुचतात."

तरी ती शेतात गेली. दुपारी तिला शेताच्या बांधावरून उचलूनच आणलं. त्या दिवशी तेआरिकी जेवला नाही.

रारोटोंगा या मोठ्या बेटावरच्या डॉक्टरीणबाईंसमोर मी तिच्या मांडीवर होते. बाई म्हणाल्या, "अंगात रोगाशी लढणारं सैन्य असतं. बायकांचं बहुधा जास्त तिखट. तू तापातून लवकर उठलीस, त्यात त्याचाही हात असेल. पण कधी कधी ते घरच्यांवरच उलटतं. ह्याला ल्युपस म्हणतात. ह्याच्या दहा रोग्यांत नऊ बायका असतात."

"जुळा भाऊ आहे माझा. मग मलाच का?"

"बाईच्या अंगातली संप्रेरकं, जनुकं, ह्यांचा संबंध दिसतो. पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही. तुझी काही चूक नाही, एवढं खरं. औषध चुकवू नकोस आणि ऊन टाळ."

तेव्हापासून मी रोजची झाले. पाण्याला जाताना मी, कपडे वाळत घालताना मी. "रोज सणाची टोपी? राणीच लागून गेली," बायका कुजबुजायच्या. तिनं हळूहळू दुपारचं बाहेर पडणंच सोडलं. सगळे समुद्रावर गेले की ती दार ओढून बसायची, मला मांडीवर घेऊन, माझ्या काठावरून बोटं फिरवत. तेआरिकी तिचं शेत मुकाट्यानं करायचा आणि अळकुड्यांची टोपली दाराशी ठेवून निघून जायचा. कधी आत येऊन बसला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याला तिच्याकडे बघवत नसे.

मग ह्याच रोगानं तिची मूत्रपिंडं बिघडली. नवरा आणि मुलीबरोबर ती न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला गेली. तिथे आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. बेटावर तसं यंत्र नाही. निघताना पाऊस होता. मी मागे राहिले.

आता मी तेआरिकीच्या घरी खिळ्यावर असते. माझा काठ पिवळा पडलाय. मला कुणी घालत नाही, आणि मी कुणाला घाल म्हणतही नाही. वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगते: धडधाकट दिसणारी बाई दमले म्हणाली, तर हसू नका. तिच्याजवळ बसा.

परवा आकाइती आत्यानं मला खाली काढून झटकलं. "शेजारची उद्या ऑकलंडला निघालीय. तिच्याबरोबर धाडून देऊ. पोरीला आपली वस्तू जवळ राहील."

तेआरिकीनं मला तिच्या हातातून घेतलं.

"राहू दे, आत्या," तो म्हणाला. "ती परत आली तर उन्हात काय घालेल?"

त्यानं मला पुन्हा खिळ्यावर अडकवलं.